सोलापुरात आशाताई हव्यातच कशाला?

सातरस्तेकर (धागाकर्ता):
परवा ऐन दुपारी बेल वाजली. दारात आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य सेविका, काखेत रजिस्टर. घरात माणसं किती, कुणाला बीपी-शुगर, कुणाला दोन आठवड्यांवर खोकला? लिहून घेतलं, भिंतीवर खडूने खूण केली, निघाल्या. वर्षातली ही चौथी खेप.

खेड्यात दवाखाना लांब असतो, तिथं आशा हवीच. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान त्यासाठीच आलं. २०१३ला नागरी आरोग्य अभियान निघालं आणि तेच शहरात आणलं. इथं सिव्हिलला रिक्षाने दहा मिनिटं लागतात. तोच पैसा नागरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांवर आणि औषधांवर घाला की!

पूर्वभागवाली:
तुमच्या दारातून अख्खं सोलापूर दिसत नाही ओ. आमच्या बोळात घरोघरी विड्या. बाई सूप मांडीवर घेऊन बसली की हजार विड्या होईपर्यंत उठत नाही. दहा मिनिटं रिक्षाची, पण केसपेपर, रांग, औषधाची खिडकी यात दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

शेजारच्या काकूंचा खोकला "तंबाखूच्या धुळीचा" म्हणून महिनाभर चालला होता. ताईंनी थुंकीची डबी हातात दिली, सकाळी येऊन स्वतः घेऊन गेल्या. टीबी निघाला. दोन महिन्यांत खोकला थांबला तशी काकूंनी गोळ्याच बंद केल्या, कोर्स सहा महिन्यांचा! मग ताई रोज उंबऱ्यावर, तेलुगूत भांडायला. दवाखान्यात मराठीत सांगितलं की काकू मान हलवतात आणि घरी येऊन आम्हाला विचारतात, काय म्हणाले?

सातरस्तेकर:
टीबीचं मान्य. डेंगीचं काय? पावसाळ्यात येऊन बॅरलमध्ये वाकून बघतात आणि "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" म्हणतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात साठवलेलं पाणी ओतून कोण देईल? हे त्यांनाही माहीत, आपल्यालाही.

बॅरलभर_पाणी:
उजनी धरणाचं पाणी रोज आणणं ताईंच्या हातात आहे काय? आमच्या ताई कोरडा दिवस म्हणतच नाहीत. पाणी यायच्या दिवशी, बॅरल तळाला गेलेला असतो तेव्हा येतात. "भरायच्या आधी आतल्या कडा घासा, वरून जुनं लुगडं बांधा." डासाची अंडी पाण्याच्या वर, कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. हौदवाल्यांना डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे देतात. छापील पत्रकावर हे कधी नीट वाचलं नव्हतं मी.

जुना_हिशेबनीस:
दोघांच्या मध्ये एक काडी टाकतो. शहरात एका आशेकडे हजार ते अडीच हजार लोकवस्ती, आणि नाव काय तर "स्वयंसेविका". पगार नाही, कामागणिक मोबदला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, त्याचे मिळून २५० रुपये. भागा सहाने. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. राज्याने महिन्याला ५,००० वाढवले ते मार्च २०२४मध्ये, आणि तेही संप झाल्यावर. धागाकर्त्याला पैसा दुसरीकडे वळवायचाय. मुळात आहे किती तो? माझी भीती वेगळीच आहे. नर्सच्या जागा भरायच्या नाहीत आणि तिचं काम स्वस्तात आशेकडून काढून घ्यायचं, हे चालू राहील.

आशाची_लेक:
चौथ्या खेपेबद्दल. कुष्ठरोगाची मोहीम वेगळी, क्षयरोगाची वेगळी, पोलिओची वेगळी, तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म वेगळा. वरून जसे आदेश येतात तसं आई निघते. तिलाही तुमच्या दारात चारदा यायची हौस नाही, रात्री पाय शेकत बसते. कागद कमी करा, हे तीही म्हणते. तिथं तुमच्याशी भांडण नाही.

वस्तीत तिला चहा मिळतो. बंगल्यांत कुत्र्याच्या पाटीशेजारी उभं राहून आतून "सगळे ठणठणीत" ऐकावं लागतं. रागावू नका, पण बीपी आहे का विचारल्यावर तुम्ही "नाही" सांगितलंत ना? शेवटचं कधी मोजलंत?

सातरस्तेकर:
२०१९. पण डॉक्टर नेमण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.