नोकरी सांभाळून गाडी डिटेलिंग (गाडीची बारकाईने धुलाई-पॉलिश), जळगावात जमेल का?

प्रश्न (जळगाव):
मंडळी, मी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. 7 ते 3 ड्यूटी, आठवड्याला एक सुट्टी. मेव्हण्याची काळी स्विफ्ट दारात चकाचक करून दिली, तर शेजारचे दोघे लगेच विचारायला आले. मनापासून आवडलं हे काम. अडचण बोअरच्या पाण्याची. बोनेटवर वाळलं की पांढरे ठिपके, कापडाने निघतच नाहीत.

उत्तर (भुसावळ):
भाऊ, मी नोकरी करून चार वर्षं हेच करतोय. ते ठिपके क्षारांचे. पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून गार पत्र्यावर हलक्या हाताने फिरवा, लगेच धुवा. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा, आणि वाळू न देता मायक्रोफायबरने टिपायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात, शाम्पू जागीच वाळतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी पहाटेच सुरू करा. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला. रोटरी पॉलिशर, म्हणजे एकाच जागी गरागरा फिरणारं पॉलिशचं मशीन, मात्र इतक्यात नको. माझ्या हातून एका काकांच्या दाराच्या कडेचा रंग प्रायमरपर्यंत उडाला होता. रंगकामाचे पैसे मी भरले, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो. ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, ते फिरता फिरता हलतंही, म्हणून रंगाला धोका कमी; तेही जुन्या दारावर सराव करून.

उत्तर (धुळे):
आधी नेमणूकपत्र वाचा, जोडधंद्याची अट असते कधीकधी.

प्रश्नकर्ता:
वाचतो आजच. भंगारातून दार आणतोय, भाऊ.