ओव्हरक्लॉकिंगचे दिवस गेले, ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला (पटत नसेल तर या भांडायला)

पंखाफुल्ल:
भाच्याला गेमिंग पीसी जोडून द्यायचाय, बजेट ८० हजार, मॉनिटर आहे त्याच्याकडे. पोरगा व्हिडिओ बघून यादी घेऊन आला: इंटेलचा के वाला (वेग वाढवायची मोकळीक असलेला) प्रोसेसर, ती मोकळीक वापरू देणारा झेड सिरीजचा बोर्ड, ३६० एमएमचा लिक्विड कूलर, आणि उरल्यासुरल्या पैशात आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. का रे बाबा, तर म्हणे "मामा, हा ओव्हरक्लॉक होतो." ओव्हरक्लॉक म्हणजे चिपला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. म्हणून हा धागा.

ओव्हरक्लॉकिंगला एकेकाळी खरंच अर्थ होता, ते मी नाकारत नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या, बोर्डावर बसचा (चिप आणि बोर्ड यांच्यातल्या दुव्याचा) वेग ६६ चा १०० केला की ३०० मेगाहर्ट्झची चिप थेट ४५० ला, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यात महागड्या पेंटियम टू च्या मांडीला मांडी लावून बसायची. २०११ चा आय५-२५००के तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वापरलाय, ३.३ गिगाहर्ट्झची चिप, मल्टिप्लायर (बसच्या वेगाला गुणायचा आकडा) ४५ टाका, बरा एअर कूलर लावा, वर्षानुवर्षं साडेचारवर पळतीये. कंपनी तेव्हा चिपमध्ये भरपूर जागा शिल्लक ठेवायची आणि ती जागा आपण फुकटात खायचो.

आता ती जागा कंपनीच खाते. बूस्ट, चिपचं स्वतःहून वेग वाढवणं, म्हणजे दुसरं काय आहे? इंटेलचा १४९००के फॅक्टरीतूनच ६ गिगाहर्ट्झचा बूस्ट घेऊन येतो, तुम्ही वर काय कपाळ पिळणार? आणि इतकं ताणल्यावर काय होतं ते २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिपा व्होल्टेज जास्त खाऊन खाऊन खराब व्हायला लागल्या, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) आणावा लागला, वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली. तेही लोकांनी काही छेडछाड न करता, डिफॉल्टवर!

हिशोब सोपा आहे. पॉवर वाढते फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. क्लॉक ५ टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के वाढवलंत तर पॉवर जवळपास २७ टक्के जास्त. आणि गेम १४४०पी वर खेळणार असाल तर तिथे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच दमलेलं असतं, प्रोसेसर निवांत. म्हणजे ते ५ टक्केही स्क्रीनवर दिसत नाहीत.

माझं म्हणणं: साधा प्रोसेसर, बी सिरीजचा (झेडपेक्षा स्वस्त) बोर्ड, ठीकठाक एअर कूलर, बाकी सगळं कार्डात.

कोअरबाधा:
पंखाशेठ, भाच्याच्या यादीबद्दल तुमच्याशी सहमत, ३०५० च्या डोक्यावर ३६० चं लिक्विड म्हणजे काहीही आहे. पण त्यावरून डायरेक्ट "ओव्हरक्लॉकिंग संपलं"? ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फक्त मल्टिप्लायर वाढवणं, ही २०११ चीच व्याख्या झाली.

रॅमचं घ्या. लोक डीडीआर५ रॅमची ६००० वेगाची किट आणतात, लावतात, विंडोज टाकतात आणि खेळायला बसतात, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर नेणारी सेटिंग, चालूच करत नाहीत. ती रॅम मग ४८०० वर चालत राहते, वर्षभर, दोन वर्षं, आणि इकडे बोंब की फ्रेम्स का अडखळतात. आता हे एक्स्पो चालू करणं काय आहे? कंपनीच्या कागदावर तेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या तळटिपा वाचा एकदा, वॉरंटीचं काय होतं ते तिथे लिहिलंय. म्हणजे तुम्ही स्वतःही करताय, फक्त नाव घेत नाही.

दुसरं, एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं पीबीओ (बूस्टची मर्यादा वाढवणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी). सगळ्या कोअरना मायनस १५-२० लावा, तेवढ्याच तापमानात चिप जास्त वेळ वरच्या क्लॉकवर राहते. बी बोर्डावर होतं, एक रुपया जास्त लागत नाही. याला संपलं कसं म्हणायचं?

पंखाफुल्ल:
@कोअरबाधा मायनस लावताय म्हणजे व्होल्टेज कमीच करताय ना भाऊ. मी तेच म्हणतोय! आजच्या चिपला जास्त देण्यापेक्षा कमी देण्यात फायदा आहे. माझ्याच बाजूने बोलताय आणि वर भांडताय.

कोअरबाधा:
व्होल्टेज कमी करून क्लॉक वाढतोय, त्यातला क्लॉक वाढतोय हा भाग तुम्ही गिळून टाकला.

संत्र्याच्या_बागेतला_रिग:
भाऊ तुम्ही लोक पुण्या-मुंबईत बसून एसीत टेस्ट करता आन् आकडे आमच्यावर फेकता. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ राहते, खोलीत दुपारी ३८-४० च्या खाली उतरत नाही. कूलर हवेचा असो का पाण्याचा, तो चिपला खोलीच्या खाली नेऊच शकत नाही न बाप्पा, खोलीच्या वर किती ठेवतो तेवढंच त्याच्या हातात. ज्या सेटिंगला तुमच्याकडे ७५ दिसते तिथं आमच्याकडे ९० दिसन. रायझन ७००० ची लिमिट ९५, तिथं पोचला का तो स्वतःच क्लॉक खाली आणते. मंग केलेलं ओव्हरक्लॉक गेलं कुठं? जानेवारीत सेट केलेलं मे महिन्यात चालत नाही, हे ज्याच्या त्याच्या गावचं गणित आहे.

आन् खिडकीतला डेझर्ट कूलर डायरेक्ट कॅबिनेटवर सोडू नका कोणी. हवा थंड लागते पण ओली राहते, त्यावर धूळ चिकटते आन् रेडिएटरच्या फिनमध्ये त्याचं जे पोटीस बनते ते ब्लोअरनंही निघत नाही.

टायमिंगवेडी:
सगळे जण "फायदा किती" यावरच का अडकलेत कळत नाही. मी रॅमची टायमिंग्ज हाताने सेट करते कारण मला ते करायला आवडतं, बास. टीआरएफसी (रॅम रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ) खाली आणायचं, टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वर न्यायचं, एकेक आकडा बदलायचा आणि रात्रभर मेमटेस्ट लावून झोपायचं. सकाळी शून्य एरर दिसले की जो आनंद होतो तो तुमच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये नाही. जगात लोक लिक्विड नायट्रोजन ओतून, म्हणजे उणे १९६ डिग्रीवाला, इंटेलचा १३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पार नेतात, २०२२ च्या डिसेंबरात नेला. त्यावर कोणी गेम खेळत नाही. त्यांना जाऊन विचारता का पैसे वसूल झाले का म्हणून?

आणि फायदा हवाच असेल तर सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) बघू नका, सगळ्यात खालचे १ टक्का फ्रेम्स बघा. प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये रॅम घट्ट केली की फरक पडतो तो तिथे. जत्रेसारखी गर्दी असलेल्या शहरात गाडी वळवताना जो झटका बसतो ना, तो कमी होतो.

नवशिक्यांसाठी एक सांगून ठेवते. डीडीआर५ वर सेटिंग बदलून सेव्ह केलं की स्क्रीन काळी होते आणि कधी कधी काही मिनिटं काळीच राहते. बोर्डावरचा डीरॅमचा लाइट पेटलेला असतो. ते मेमरी ट्रेनिंग चाललेलं असतं, मेलेलं काही नसतं. घाबरून प्लग ओढू नका. चहा करून या.

निळाविंडो:
ताई, छंद म्हणून करता तर करा, कोणाची ना नाही. माझा राग त्या "मायनस ३० लावा, सगळ्यांचं चालतं" सांगणाऱ्यांवर आहे.

चालतं म्हणजे कसं? तर सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी) दहा मिनिटं चालवलं, पास झालं, स्क्रीनशॉट टाकला, मोकळे. अहो फुल लोडला सगळे कोअर खालच्या क्लॉकवर असतात, तिथे पास होणं सोपं आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर फुटतो तो निवांत वेळी. गेम बंद केलाय, ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडे आहेत, अशात एखादा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या बूस्टला उडी मारतो आणि नेमकं तिथलंच व्होल्टेज तुम्ही कापून ठेवलेलं असतं. फट्. रीस्टार्ट. निळी स्क्रीनसुद्धा येत नाही धड. विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की आत व्हिया लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) लाल नोंद, आणि त्यात अॅपिक आयडी दिलेला असतो, त्यावरून कुठला कोअर रडतोय ते कळतं. मग त्या एका कोअरला मायनस ३० चं मायनस १५ करायचं आणि कोअरसायकलर लावून एकेक कोअर तासन् तास तपासायचा. हे कोणी सांगत नाही. आणि पोरं दोन महिने एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) शिव्या घालत बसतात, रॅम बदलतात, विंडोज फॉरमॅट मारतात.

कोअरबाधा:
@निळाविंडो हे मात्र शंभर टक्के. पण हा मुद्दा नीट टेस्ट न करण्याविरुद्ध झाला, ओव्हरक्लॉकिंगविरुद्ध नाही.

निळाविंडो:
नीट टेस्ट करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस ओव्हरटाइम करून वरचं कार्ड घेईल, असं पंखाशेठ म्हणतील बघा आता.

पंखाफुल्ल:
म्हणतोच.

गल्ल्यावरचा:
मुंबईत लॅमिंग्टन रोडला काउंटरवर बसतो, वर्षं मोजत नाही. दोन शब्द आमच्या बाजूने.

के प्रोसेसर घेऊन जाणाऱ्या दहातल्या बहुतेकांनी बायोस परत कधी उघडलेलं नसतं, सर्व्हिसला आला की कळतं. रॅमही ४८०० वरच असते, वर कोणीतरी म्हणालं तसं. पण गिऱ्हाईकाला बॉक्सवरचं "अनलॉक्ड" आवडतं, मी कशाला नाही म्हणू, धंदा आहे.

खरी गडबड मला वेगळीच दिसते. ८०-९० हजाराचं मशीन आणि त्याला ६०० व्हीएचा यूपीएस. त्यावर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. लाइट गेली आणि गेम चालू असेल तर तो मशीन सकट बसतो. तुम्ही ओव्हरक्लॉक करून शंभर वॅट अजून चढवा मग बघा गंमत. दुसरं, अर्थिंग. जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगीत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. त्या मशीनवर लोक व्होल्टेजचे तिसऱ्या दशांशाचे आकडे बदलतात! आधी वायरमन बोलवा, मग बायोस उघडा.

जुनाखोंड:
धाग्यात सगळे नवीन पीसी घेणारेच दिसतायत, आमच्यासारख्यांचं काय? २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितले का, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचलला आणि डीडीआर५ तर सोडाच डीडीआर४ पण महाग झाली. प्लॅटफॉर्म बदलायचा म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि वर ही रॅम. नाही परवडत.

माझ्याकडे इंटेलचा ९६००के आहे झेड३९० बोर्डावर, सहा कोअर सहा थ्रेड. कंपनीचा सगळ्या कोअरचा टर्बो (बूस्ट) ४.३ गिगाहर्ट्झ. मी ५.० वर चालवतो, मोठा एअर कूलर आहे आधीपासूनच. हे सोळा टक्के आहेत पंखाशेठ, ५ नाही, आणि ही चिप आजच्या गेममध्ये प्रोसेसरवरच अडते त्यामुळे ते सोळा टक्के दिसतात सुद्धा. नवीन चिपमध्ये जागा उरली नाही हे मान्य, पण महाराष्ट्रातली अर्धी पोरं जुन्या चिपांवरच खेळतायत.

पंखाफुल्ल:
@जुनाखोंड तुझी केस वेगळी. बोर्ड आहे, कूलर आहे, के चिप आहे, सगळ्याचे पैसे कधीच देऊन झालेत. मग पिळ ना शेवटच्या थेंबापर्यंत, मी कुठे अडवलं? मी म्हणतोय की आज खिशातून नवीन पैसे काढून "ओव्हरक्लॉक होतो" या कारणासाठी झेड बोर्ड आणि लिक्विड घेऊ नका. आणि शंभर वॅट जास्त, रोज चार तास, म्हणजे महिन्याला १२ युनिट, ती वीजबिलात धरलीस ना? वरच्या स्लॅबला गेलास की कळेल.

आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही. २०२२ चा एएमडीचा ५८००एक्स३डी, कित्येक गेममध्ये भल्याभल्यांना धूळ चारणारा, त्याचा मल्टिप्लायर लॉक होता. लॉक! वर रचलेली जास्तीची कॅशे (चिपमधलीच जलद मेमरी) उष्णता आणि व्होल्टेज सहन करत नव्हती म्हणून एएमडीने दरवाजाच बंद केला, तरी गेमिंगमध्ये तोच पुढे. क्लॉकने गेम जिंकायचे दिवस तिथेच संपले.

टायमिंगवेडी:
आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ९८००एक्स३डी आला, त्यात कॅशे कोअरच्या खाली सरकवली, उष्णता वरून सरळ कूलरकडे जायला लागली, आणि एएमडीने मल्टिप्लायर पूर्ण उघडून दिला. संपलं असतं तर उघडून कशाला दिला असता? अर्धीच गोष्ट सांगू नका.

पंखाफुल्ल:
उघडला कारण बॉक्सवर छापता येतं. गल्ल्यावरचे साहेब आत्ताच सांगून गेले वर.

संत्र्याच्या_बागेतला_रिग:
😂 ताई बी खरी आन् शेठ बी खरे.

जुनाखोंड:
ग्राफिक्स कार्डाबद्दल कोणी बोलत नाही ते बोलतो. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा कर्व्ह उघडून माझ्या ३०६० ला साधारण ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधून टाकलंय. १७० वॅटचं कार्ड, आता बरंच कमी खातं, पंख्याचा आवाज रात्री आईला ऐकू जात नाही, फ्रेम्समध्ये फरक शोधून सापडत नाही. प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं, माझा आकडा जसाच्या तसा टाकू नका.

कोअरबाधा:
बघा, शेवटी सगळे बायोस नाहीतर आफ्टरबर्नर उघडूनच बसलेत. मी आता गप्प बसतो. पंखाशेठ, भाच्याची यादी फायनल झाली का? बी बोर्ड घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक आहे का बघा, सगळ्यात स्वस्तातला उचलू नका. आणि पोराला निदान एक्स्पो तरी चालू करू द्या.

पंखाफुल्ल:
एक्स्पो मी स्वतः चालू करून देणार आहे. लिक्विड काढलं, झेड काढला, रायझन आणि बी बोर्ड धरलाय, वाचलेल्या पैशात कार्ड ३०५० वरून ५०६० वर येतंय. पोरगा तोंड फुगवून बसलाय कारण काचेतून दिसणारा लाइटवाला पंप गेला. एसएमपीएस ६५० वॅटचा धरलाय.

गल्ल्यावरचा:
नुसतं ६५० वॅट लिहू नका साहेब, मॉडेलचा पूर्ण नंबर टाका. त्याच कंपनीचा त्याच वॅटचा एक चांगला असतो आणि एक फेकून देण्यासारखा.