मदत हवी आहे: पाइनवुडच्या टेबलावर स्टेनचे चट्टे

भोसरीहून मशिनच्या खोक्यांचं जुनं पाइनवुड आणलं आणि लेकीसाठी अभ्यासाचं टेबल केलं. सुतारकामात मी नवखा, पण जोड बरे बसलेत. लाकडात गाठी भरपूर. त्या तांबूस गाठींवर भाळूनच फळ्या उचलल्या होत्या.

घोळ पॉलिशला झाला. १२० आणि मग १८० चा पॉलिश पेपर मारून अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) फडक्याने लावला. घरच्या सागाला हाच लावला होता, छान बसला होता. इथे मात्र ओल्या अंगाने मांजर लोळून गेल्यासारखे चट्टे! आडव्या कापाची टोकं तर जवळजवळ काळी. शिवाय रेषा उलट्या झाल्यात, फिकट भाग गडद आणि मूळच्या गडद रेषा फिकट. एका गाठीतून राळ येतेय, बोट चिकटतं.

दुकानदार म्हणाला, "अजून एक हात मारा, झाकलं जाईल." मारला. चट्टे अजून गडद झाले.

सगळं घासून काढू का? वरून वॉटरबेस्ड पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर) मारायचा विचार आहे.

प्रतिसाद

तिसरा हात मारू नका! पाइनचा फिकट भाग मऊ, तो स्टेन पितो. गडद रेषा कडक, त्या पीत नाहीत. म्हणून उलटं दिसतंय.

घासावं लागेलच. १८० वर थांबा, फक्त टोकं २२० पर्यंत न्या, म्हणजे तिथे रंग कमी मुरेल. राळ खरवडून टर्पेंटाइनने पुसा. मग स्टेन सगळीकडे सारखा बसावा म्हणून आधी चपडा लाखेचा पातळ हात द्या, लिटरभर स्पिरिटला साधारण ६० ग्रॅम. गाठींवर दाट लाखेचे दोन हात जास्त. लाख मेण काढलेलीच घ्या, साध्या लाखेवर पीयू नीट धरत नाही. सुकल्यावर हलका पेपर आणि वर जेल स्टेन. तो घट्ट असल्याने आत फारसा मुरत नाही.

पावसाची उघडीप बघून करा, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. आणि स्पिरिट आहे, जवळपास गॅस-उदबत्ती नको.

धागाकर्ता

टेबलाच्या खालच्या बाजूला निम्म्या भागात लाख लावून पाहिली, निम्मा कोरा ठेवला. लाखेच्या बाजूला चट्टे नाहीत! पण रंग फारच फिका आला. जेलचा दुसरा हात चालेल?

प्रतिसाद

चालेल, पहिला पूर्ण सुकू द्या. आणि पुढचे प्रयोगही खालूनच.