बोटाच्या उबेने रंग उडणारं लेबल केलं, पण हे नकली मालाला अडवेल का?

प्रयोगवेडा: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे, बनावट माल ओळखता येईल असं लेबल. थर्मोक्रोमिक शाईने निळा ठिपका छापलाय, बोट ठेवलं की ३१ डिग्रीच्या आसपास रंग जातो, काढलं की परत येतो. खूश होतो मी. सरांनी एकच विचारलं, ही शाई तुला मिळाली तर नकली करणाऱ्याला मिळणार नाही का? गप्प बसलो. त्यात खिडकीत ठेवलेला नमुना काही आठवड्यांत इतका फिका पडलाय की आता गार असतानाही निळा दिसत नाही. मटेरियलच बदलू का?

शाईवाला: सर बरोबर बोलले. तीच पेस्ट गरम चहा ओतल्यावर चित्र बदलणाऱ्या मगवर असते, कोणीही विकत घेतं. आत ल्यूको डाय (रंग देणारा पदार्थ), त्याचा रंग खुलवणारा डेव्हलपर आणि मेणासारखं सॉल्व्हंट असतं, सॉल्व्हंट वितळलं की डाय आणि डेव्हलपरची जोडी सुटते आणि रंग जातो. हे सगळं काही मायक्रॉनच्या कॅप्सूलमध्ये बंद. छापताना शाई ओढायची रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, जोरात दाबलीस की कॅप्सूल फुटतात आणि मग रंग नीट बदलत नाही, हे मी हात काळेनिळे करून शिकलोय. उन्हातला यूव्ही डायलाच खातो, वरून यूव्ही अडवणारं वार्निश दे, थोडं जास्त टिकेल. काढून टाकू नकोस, गिऱ्हाइकाला हातात काही यंत्र न घेता बघता येणारी तेवढीच गोष्ट आहे. पण भिस्त त्याच्यावर नको.

चमकती_पावडर: यूव्ही टॉर्चखाली चमकणाऱ्या शाईच्या मागे लागू नका, साधा पांढरा कागदसुद्धा त्यात पांढरेपणासाठी घातलेल्या ब्राइटनरमुळे निळा चमकतो. अपकन्व्हर्जन, म्हणजे न दिसणारा इन्फ्रारेड घेऊन दिसणारा प्रकाश देणारी पावडर, बघा, सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये यटर्बियम आणि एर्बियम घातलेलं, ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर मारला की हिरवं दिसतं, कागद मात्र काळाच राहतो. (लेझर डोळ्याला दिसत नाही म्हणून चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, प्लीज.) पावडर जड, बाटलीच्या तळाशी बसते, दर वेळी ढवळावी लागते.

आता ही पावडरही विकत मिळतेच, मग खरी मजा वेळेत आहे. मी 8 हा आकडा दोन हिरव्या पावडरींनी छापला होता, त्यातला 3 दिवा गेल्यावरही चमकत राहणाऱ्या स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटने आणि डावीकडच्या दोन रेघा लगेच विझणाऱ्या पावडरीने. दिवा चालू असताना 8, बंद केला की 3 उरतो. नुसता रंग जुळवून भागत नाही, विझण्याचा वेळही जुळवावा लागतो.

रँडम_राव: तरी एकदा कळलं की जुळवतीलच की. त्यापेक्षा असं काहीतरी करा जे तुम्हालाच परत करता येणार नाही. २००२ मध्ये रविकांत पप्पू आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीत काचेच्या बारीक गोळ्या घालून लेझरचा स्पेकल पॅटर्न (प्रकाश विखुरून उमटणारी ठिपक्यांची नक्षी) किल्लीसारखा वापरून दाखवला होता. तुम्ही वार्निशमध्ये चिमूटभर कण टाका, कुठला कण कुठे पडेल ते कोणाच्याच हातात नाही, प्रत्येक लेबलचा फोटो काढून सिरियल नंबरासोबत साठवा. क्यूआर कोड फोटोकॉपीनेही चालतो, हे चालत नाही. डोकेदुखी दुसरीकडे आहे, फोन थोडा तिरका धरला किंवा लेबलवर ओरखडा आला तर खऱ्यालाच खोटं म्हणेल, तेव्हा किती जुळलं म्हणजे पास हे आधी ठरवा, आणि ते ठरवायला तीच लेबलं मुद्दाम चुरगाळून, घासून परत परत स्कॅन करा.

प्रयोगवेडा: भारी! म्हणजे ठिपका गिऱ्हाइकासाठी आणि कण स्कॅनरसाठी. पण रिकाम्या बाटलीवरचं खरं लेबल सोलून नकली बाटलीवर लावलं तर?

शाईवाला: हो, तिथे शाई काही करू शकत नाही. ठिसूळ फिल्म घे, सोलायला गेलं की तुकडे पडतात. आणि ते कण बाटलीचं झाकण उघडताना फाटतं त्या पट्टीवर छाप, कोपऱ्यात नको.