अनुभव धागा : मालागा, किनाऱ्यावरचं आणि आतलं

मंडळी, मे महिन्यात आम्ही दोघं दक्षिण स्पेनच्या मालागा प्रांतात नऊ दिवस राहून आलो. निघताना जो तो विचारत होता, "तिथे समुद्र सोडून आहे काय?" म्हणून हा धागा. जाऊन आला असाल, तिथे राहत असाल, तर सविस्तर लिहा. स्थळांची यादी नको, मनातून जात नाही ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. किनाऱ्यावर वाळूने भरलेली जुनी होडी, तिच्यात लाकडांचा जाळ. एक काका बोरूच्या चपट्या काडीत तारल्या ओवत होते, एका काडीत सहा. जाडं मीठ भुरभुरायचं आणि काडी जाळाशेजारी वाळूत तिरकी खोचायची. वारा फिरला तशी त्यांनी काडीची जागा बदलली, माशाला धूर लागू दिला नाही. याला 'एस्पेतो' म्हणतात. मसाल्याचा कण नाही, हाताने खायचं. माझं माहेर मालवणचं, तरी तारली अशी खाल्ली नव्हती. ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही, म्हणजे मे ते ऑगस्ट, त्यात ती सर्वांत चविष्ट, असं तिथे म्हणतात.

*

आम्हीही मालागाला जाऊन आलो. सोबत सासूबाई होत्या, पक्क्या शाकाहारी. पहिल्याच दिवशी एका हॉटेलात 'मांस नको' सांगूनही सॅलडमध्ये टूना आला. त्या उपाशी उठल्या, मला फार वाईट वाटलं. तिथे 'कार्ने' म्हणजे फक्त मांस, मासा त्यात धरत नाहीत. 'नी कार्ने, नी पेस्कादो' असं दोन्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी फ्रिहिल्यानाला गेलो. डोंगरउतारावरचं पांढऱ्या घरांचं गाव. वांग्याचे तळलेले काप आले, वर काळसर पाक. सासूबाईंनी बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर काकवी!" खरंच काकवी. अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला आणि याच गावात 'उसाचा मध' करणारा कारखाना अजून चालतो. वांगं आणि काकवी एका ताटात येतील असं आम्हाला कधी सुचलं नसतं. आणि 'आहोब्लांको' चुकवू नका : बदाम, लसूण, पाव, ऑलिव्हचं तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं गार सार, वर गोड द्राक्षं.

*

वरच्या ताईंनी द्राक्षांचा विषय काढलाच आहे. मी तासगावचा, घरी बेदाणा करतो. मालागा प्रांतातल्याच आक्सार्कियाच्या डोंगराळ भागात मुद्दाम ऑगस्टअखेर गेलो. आपण द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये, सावलीत वाळवतो. तिथे मस्कत जातीच्या द्राक्षांचे घड उतारावर आखलेल्या वाफ्यांत थेट उन्हात पसरतात, रात्री दव पडू नये म्हणून झाकतात. वाळल्यावर मणी कात्रीने एकेक करून सोडवतात. उतार इतका उभा की यंत्र चालत नाही. बेदाणा मोठा, बियांचा, पण वास असा की मूठ हुंगत बसावं. एका आजोबांना मी मोबाइलवर आमची शेड दाखवली. त्यांनी माझा हात उलटा करून बोटं पाहिली आणि हसले. भाषेची गरजच पडली नाही.

*

चालायची हौस असेल तर कामिनीतो देल रेय. घळीच्या कड्याला खिळलेली, साधारण शंभर मीटर उंचीवरची पायवाट. १९०५ साली जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी झाली, पुढे मोडकळीला आली, २०१५ साली दुरुस्त होऊन उघडली. तिकीट आधीच काढा, हेल्मेट तेच देतात. रोंदाचा पूल सगळे सांगतीलच. मी म्हणेन, आंतेकेराचं मेंगा आधी पाहा. साडेपाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची शिळांची दफनगुहा. आत उभं राहून दाराकडे पाहिलं की समोर चेहऱ्याच्या आकाराचा डोंगर येतो. गुहेचं तोंडच त्याच्याकडे केलंय. मी तिथे बराच वेळ गप्प उभा होतो.

*

मी मालागा शहरात चार वर्षं राहते. उन्हाळ्यात संध्याकाळी पांढऱ्या सदऱ्यातले विक्रेते निवडुंगाच्या पानात खोचलेले 'बिस्नागा' घेऊन फिरतात. बिस्नागा म्हणजे जाईच्या कळ्यांचा गोळा : रानझुडपाच्या वाळक्या तुऱ्याची एकेक काडी, तिच्या टोकावर जाईची एकेक मिटलेली कळी. दुपारी ओवतात, अंधार पडता पडता सगळा गोळा एकदम उमलतो. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी सवयीने केसांत माळायला गेले. विक्रेत्याने मान हलवून खूण केली : उशाशी ठेव, डास येत नाहीत. डासांचं माहीत नाही, पण त्या रात्री मला आजीच्या खोलीत झोपल्यासारखं वाटलं.