‘काळा मृत्यू’ की ‘मोठी मरी’?

प्रश्न : १३४७ ते १३५१ या काळात युरोपात जो प्लेग झाला त्यावर शाळकरी मुलांसाठी लिहिते आहे. ‘ब्लॅक डेथ’ला मराठीत जिकडेतिकडे ‘काळा मृत्यू’ लिहिलेलं दिसतं. मला ते फार खटकतं. आपण काळा दिवस म्हणतो, काळ आला म्हणतो, पण मरणाला रंग कुठे देतो? ‘महामारी’ लिहू का?

उत्तर : खटकतंय ते योग्यच आहे. ज्यांच्या घरात माणसं मेली त्यांनीही हे नाव वापरलेलं नव्हतं. ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली जहाजं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली आणि पुढच्या वर्षभरात रोग पार लंडनपर्यंत गेला. तेव्हाचे लोक लॅटिनमध्ये ‘माग्ना मोर्तालितास’ लिहीत, म्हणजे मोठी मरतूक. इटलीत बोलताना म्हणत ‘मोरिया’. ‘ब्लॅक डेथ’ इंग्रजीत रूढ झालं ते थेट एकोणिसाव्या शतकात. लॅटिनमधल्या ‘आत्रा मोर्स’ या नावातल्या ‘आत्रा’ या विशेषणाचे काळा आणि भयाण असे दोन्ही अर्थ होतात. त्यातला पहिलाच उचलला गेला असावा, असं मानतात. म्हणजे आपण एका घसरलेल्या भाषांतराचं पुन्हा भाषांतर करतो आहोत.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ‘मोरिया’ आणि आपली ‘मरी’ या सख्ख्या नात्यातल्या आहेत. लॅटिनमधला मरणे या अर्थाचा धातू आणि संस्कृत ‘मृ’ यांचं मूळ एकच. फ्लोरेन्सचा माणूस जे म्हणत होता तेच आपल्या खेड्यातली म्हातारी म्हणायची, ‘गावात मरी आली.’ इतका नेमका शब्द घरात असताना ‘काळा मृत्यू’ कशाला? ‘मरतूक’ मात्र माणसांना लावू नका, तो कोंबड्या-गुरांसाठीच ठेवावा.

प्रश्नकर्ती : पण मरी म्हटलं की मरीआई आठवते, आणि मरीआईचा कोप म्हणजे पटकी, म्हणजे कॉलरा. मुलांचा गोंधळ नाही का होणार?

उत्तर : होईल, म्हणून पहिल्यांदा ‘प्लेगची मोठी मरी’ लिहा, पुढे नुसतं ‘मोठी मरी’. ‘महामारी’ चुकीचं नाही, पण कोरोनानंतर तो शब्द सरकारी पत्रकातला वाटायला लागलाय. ‘साथ’ फार सौम्य आहे; साथ तापाचीही असते, डोळ्यांचीही.

दुसरं मत : ‘प्लेग’ला मराठी शब्द शोधू नका, एवढं सांगतो. मुळात तो ग्रीक, अर्थ तडाखा. पण १८९६ साली मुंबईत रोग आला तेव्हापासून तो आपलाच झाला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या, हे वाक्य वाचताना कुणी अडखळत नाही. ‘ग्रंथिक ज्वर’ वाचताना अडखळतो. काखेत-जांघेत गाठ येते म्हणून ‘गाठीचा प्लेग’ लिहिलं की मुलांना लक्षणही कळतं. ‘उंदीर पडायला लागले’ हा प्रयोगही वापराच. उंदीर ‘मेले’ म्हटलं की ती धास्ती येत नाही.

प्रश्नकर्ती : आणि ‘क्वारंटाइन’?

उत्तर : तो तसाच ठेवा, कारण त्यात इटालियनमधला चाळीस हा आकडा आहे. रागुझा शहराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्निकने, १३७७ मध्ये रोगट भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवायचा कायदा केला. पुढे तिसाचे चाळीस झाले. ‘विलगीकरण’ लिहिलंत तर ही सगळी हकीकत गळून पडेल.

प्रश्नकर्ती : मग पहिलं वाक्य बदललं : ‘१३४७ च्या शरदात मेसिनाच्या धक्क्याला जहाजं लागली, आणि युरोपात प्लेगची मोठी मरी आली.’