वाईनची द्राक्षं लावायचीत, अथणी भाग. कुठली जात घेऊ?

माळकरी_अथणी
नमस्कार मंडळी. एक एकर मुरमाड उतार आहे, खाली ओढ्याकाठी काळं रान. बोअरचं पाणी जरा खारवट. लाल वाईनची शिराज, कॅबरने की पांढऱ्या वाईनची शेनिन? मांडव, ड्रिप, कलमं धरून तीन लाख. वर जमणार नाही.

तासगावचा_पाव्हणा
तीन लाखात काय होतंय? पाच-सहा धरा आणि दणकट वाय मांडव घाला. वाईनच्या नादाला लागू नका, थॉम्पसन ही बिनबियांची जात लावा, बेदाणा करा. आमचा माल गेल्या साली वरच्या भावात गेला.

खानापूर_रान
आमच्याकडं पाव्हण्यांनी लावली होती. पावसाळाभर उघडीप नाही, पानांवर दावण्या रोगाचे तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. बाग काढून टाकली. नकोच.

टिकोटा_बागायतदार
खानापूर घाटाच्या तोंडाला, अथणी पर्जन्यछायेत. एका मापानं कसं मोजता? इथं एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात घडांसाठी फळ छाटणी. मग कोरडी हवा मिळाली की माल फेब्रुवारी-मार्चात निघतो. रात्री उबदार झाल्या की मण्यातलं आम्ल झपाट्यानं उतरतं, म्हणून शेनिन लावा. ती आम्ल टिकवून धरते.

निपाणीचा_दादा
शेनिनच लावा, पण काळ्या रानात. वेल कसा माजतो बघा! तंबाखूलासुद्धा आमची जमीन अशी आहे…

टिकोटा_बागायतदार
दादा, वेल माजवायचाच नाहीये. काळं रान पाणी धरून ठेवतं, पाला वाढतो, मणी फुगतो. मुरमात निचरा होतो, मणी बारीक राहतो, सालीचा वाटा वाढतो. लाल वाईनचा रंग सालीतनंच येतो.

खानापूर_रान
आणि खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या वेलावर कलम भरतात तो, विचारून घ्या. आम्हाला एका नर्सरीनं भलताच खुंट दिला. डॉगरिज खुंटावर वेल फार जोर धरतो.

तासगावचा_पाव्हणा
मी पुन्हा सांगतो, थॉम्पसन. वाईनचा माल वायनरीनं नाही उचलला तर बाजारात कोण घेणार?

माळकरी_अथणी
सगळ्यांचे आभार. शेनिनचे घड गच्च असतात, अवकाळी पाऊस झाला की आत कुजतात, ते मी शेजारच्या बागेत बघितलंय. म्हणून शिराजच, उतारावर, 110 आर खुंटावर. उन्हाला ती तग धरते. बजेटमुळं अर्धा एकरच. माती-पाणी तपासायला दिलंय. तासगावच्या पाव्हण्यांचं एक मात्र पटलं, वायनरीचा लेखी करार हातात पडल्याशिवाय कलम भरणार नाही.

निपाणीचा_दादा
काळ्या रानात लावलं असतं तर बरं झालं असतं.